किडनीचं दुसरं काम

बाई कुणालाही नावानं हाक मारत नसत. जऊळक्याच्या शाळेत मी रुजू झाले त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकलं, तर खिडकीपाशी उभ्या उभ्या डबा खाणारी एक उंच बाई माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मराठी आली वाटते." त्या पुढच्या तासाबद्दल बोलतायत असं मला वाटलं. नंतर लक्षात आलं, मराठी म्हणजे मीच. गणिताचे सर 'गणित' होते. इतिहासाच्या सरांना त्या सगळ्यांदेखत "ओ इतिहास, जरा सरका" म्हणायच्या. मुख्याध्यापकांना तेवढं 'सर' म्हणायच्या. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "ते काही शिकवतच नाहीत, मंग काय म्हनू त्याईले?"

त्या स्वतः विज्ञान. मी आले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. अंबाड्यात खडू खोचलेला असायचा, त्यामुळे केसांवर कायम पांढरी भुकटी. मनगटावर पुरुषांचं जाड घड्याळ, तेही काच आतल्या बाजूला. माहेर किन्हीराजाचं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, आणि स्टेशनामागच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. एकट्या हे आपलं म्हणायला. दिवाळी झाली की आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं ऊसतोडीला निघायची. तेव्हा बाई घरोघरी जाऊन उंबऱ्यात बसायच्या आणि सांगायच्या, "पोट्टी माह्याकडे ठेवा. तुमी जा." आई-बाप कुरकुरायचे, धाकट्याला कोण सांभाळेल म्हणायचे. बाई उठायच्याच नाहीत. शेवटी पोरीचं गाठोडं घेऊनच परत यायच्या. हिवाळाभर त्यांच्या घरात चार-पाच मुली असायच्या आणि रात्रीच्या भाकरी सगळ्या मिळून थापायच्या.

सोमवारी सकाळी त्या शाळेच्या फाटकात उभ्या राहायच्या. आत येणाऱ्या प्रत्येक मुलीची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आतला रंग बघायच्या. लाल दिसला तर "जा." फिका दिसला तर मुलगी बाजूला उभी. तिला गोळ्या मिळायच्या, आणि संध्याकाळी बाई तिच्या घरी पोहोचायच्या. बापाला विचारायच्या, "पोरगी धापा टाकते, तुमाले दिसत नाही काय?" पहिल्या महिन्यात त्यांनी माझीही पापणी ओढली होती. भर खोलीत, चहाचा कप माझ्या हातात असताना. "मराठी, तू काही खात नाहीस," म्हणाल्या आणि आपल्या डब्यातली आंबाडीची भाजी माझ्या कपाच्या बशीत घातली.

त्यांच्या तोंडी 'का?' असं विचारणारा एक शब्द सतत असायचा. काहून. मुख्याध्यापकांनी परिपत्रक वाचलं की काहून. देवळातल्या महाराजांनी अमुक वारी तमुक खाऊ नये म्हटलं की काहून. एकदा आम्ही अकोल्याला प्रशिक्षणासाठी निघालो होतो आणि गाडीला उशीर होता. बाई सरळ स्टेशन मास्तरांच्या खोलीत गेल्या. गाडी काहून थांबवली? समोरून मालगाडी येतेय. मंग तिले काहून आधी? बिचाऱ्या मास्तरांनी अखेर खुर्ची सोडून त्यांना भिंतीवरचा नकाशा दाखवला, कुठला दिवा कधी लागतो ते समजावलं. गाडी आली आणि उभी राहिली, तरी बाई बाहेर येईनात. मी आत डोकावले तर बाई त्या दिव्यांकडे तोंड उघडं ठेवून बघत होत्या, जत्रेत हरवलेल्या लहान पोरीसारख्या. गाडीत बसल्यावर मला म्हणाल्या, "एकाले दुसरा दिसत नाही, तरी टक्कर होत नाही. किती मोठी गोष्ट हाये ही."

माणसं त्यांना तऱ्हेवाईक म्हणायची. मीही म्हणायची. पण नववीचा तो एक तास मी मागच्या बाकावर बसून ऐकला, आणि त्यानंतर तो शब्द माझ्या तोंडून आला नाही.

त्या दिवशी आठवडी बाजार होता. कधी मटणाला हात न लावलेल्या घरातल्या या बाईंनी खाटकाकडून बकऱ्याची किडनी आणली होती, केळीच्या पानात गुंडाळून. टेबलावर ठेवून त्यांनी ती ब्लेडनं उभी चिरली. पोरं एकमेकांच्या अंगावर रेलून बघायला लागली. लघवी कशी तयार होते ते त्यांनी भराभर सांगितलं, जसं काही ते उरकून टाकायचं होतं. मग हात धुतले आणि म्हणाल्या, "आता हिचं दुसरं काम ऐका. हे तुमच्या पुस्तकात दोन ओळीत हाये, अन् मले त्याच्यावर जलमभर बोलता येईल."

त्या सांगत गेल्या. किडनीतून रक्त वाहतं तेव्हा ती सारखी तपासत असते, रक्त पुरेसा प्राणवायू घेऊन आलंय का. कमी पडला की तिथल्या काही पेशी एक संप्रेरक तयार करतात. एरिथ्रोपोएटिन. तो शब्द त्यांनी सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेतला. ते रक्तात मिसळतं, हाडांच्या आतल्या मऊ गरात पोहोचतं, आणि तिथं लाल पेशी तयार व्हायला लागतात. कमरेच्या हाडात, छातीच्या हाडात, मणक्यात.

एका मुलीनं विचारलं, "बाई, किडनीले हाडाचा पत्ता काहून माहीत?"

बाईंचा चेहरा असा उजळला की मी तो विसरलेले नाही. "बैस खाली, शाबास. पत्ता माहीतच नाही तिले. ते सगळ्या अंगात सोडून देते. डोक्यात जाते, पायात जाते, कोनाले काही समजत नाही. हाडातल्या काही पेशी अशा हायेत का त्याईलेच समजते. ज्याले समजते तोच ऐकते."

बाहेर बाजारातल्या भोंग्याचा आवाज येत होता. एक पोरगा नकळत आपल्या कमरेला हात लावून बसला होता.

त्यानंतर दोन वर्षांनी, पावसाळा सरता सरता, बाई शिक्षकांच्या खोलीत आल्या आणि उभ्या न राहता खुर्चीवर बसल्या. आम्ही सगळ्यांनी मान वर केली. त्यांना असं बसलेलं आम्ही पाहिलंच नव्हतं.

"मले गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला," त्या म्हणाल्या. "अकोल्याले किरनाचा शेक घ्या लागते रोज, अन् हप्त्यातून एक दिवस केमो. सर, मले रजा पाहिजे."

मुख्याध्यापक गोरेमोरे झाले. खाली बघत म्हणाले, "बाई, हे असं सगळ्यांसमोर... आपण आत बोलू."

"काहून लाजता, सर? तुमी बी तिथूनच बाहेर आले ना."

कुणी हसलं नाही, पण खोलीतली गुदमर गेली. गणिताच्या सरांनी पाण्याचा ग्लास आणून दिला. मी बाईंच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले, तर त्यांनीच माझा हात धरला. त्यांचा हात थंड होता. "मराठी, तू येजो माह्यासंगं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तिथं मी सगळं इचारीन, पन ऐकाले कोनी दुसरं पाहिजे. भेव लागला का मानसाले अर्धंच ऐकू येते."

म्हणून केमोच्या दिवशी मी त्यांच्यासोबत जायला लागले. सकाळची गाडी, जऊळका ते अकोला. तिथल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, मराठवाड्याकडच्या, शांत बोलणाऱ्या. बाईंनी पहिल्याच भेटीत त्यांना पाऊण तास अडकवून ठेवलं. शेक कुठे देणार? ओटीपोटावर. तिथं तर कमरेची हाडं हायेत, अन् रक्त तिथंच बनते. हो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडातल्या त्या पेशींना झळ बसणार. जपून देतो, तरी बसतेच. अन् केमोचं औषध? ते गाठीवर चांगलं काम करतं, पण किडनीला त्रास देतं, म्हणून सलाईन भरपूर देतो, तुम्ही पाणीही भरपूर प्या.

बाई म्हणाल्या, "म्हंजे बोलावनारी बी घायाळ, अन् ऐकनारे बी घायाळ."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तुम्ही काय शिकवता?"

"हेच," बाई म्हणाल्या.

त्या संप्रेरकाचं रक्तातलं प्रमाण मोजता येतं का, असंही त्यांनी विचारलं. येतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण आम्ही सहसा मोजत नाही. त्यानं तुमच्या उपचारात काही बदलणार नाही.

"उपचारात नाही बदलत. माह्या शिकवन्यात बदलते."

पहिल्या केमोनंतर आठवड्याभरात त्यांच्या रक्ताचा नमुना त्या मोजणीसाठी मुंबईला गेला. निकाल आला तेव्हा बाईंचं हिमोग्लोबिन थोडंच उतरलं होतं, आणि ते संप्रेरक मात्र कितीतरी वर चढलं होतं. बाई कागदाकडे बघत राहिल्या. "एवढं काहून? रक्त तर अजून फारसं कमी झालं नाही."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून घेतली. म्हणाल्या, पूर्ण उलगडा आम्हालाही झालेला नाही. पण एक कारण असं समजलं जातं की हाडातल्या पेशी रोजच्या रोज ते संप्रेरक उचलून वापरत असतात. औषधानं त्या पेशी कमी झाल्या की उचलणारं कुणी राहत नाही, आणि ते रक्तात साचत जातं.

परतीच्या गाडीत बाईंना मळमळत होतं. लिंबू नाकाशी धरून त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, झोपल्या. तेवढ्यात डोळे न उघडताच म्हणाल्या, "इतकी वर्षं मी पोट्ट्याईले सांगितलं, रक्त कमी झालं का ते वाढते. बस, इतकंच. ऐकनारे नसले तरी ते वाढते, हे मले माहीतच नोतं. म्हंजे ते रोज खर्च होते, मराठी. रोज बनते, रोज खर्च होते. आपुन इकडे भाकर खातो, भांडतो, झोपतो, अन् आतमधी हे चालू राह्यते."

त्यांच्या डोळ्यांच्या कडांना पाणी होतं. उलटीच्या उमाळ्यानं आलं होतं की कशानं, मी विचारलं नाही.

शनिवारी शेक नसायचा. त्या शनिवारी त्या शाळेत आल्या, रजेवर असताना, आणि नववीच्या वर्गात फळ्यापाशी खुर्ची घेऊन बसल्या. आपल्या अंगात काय चाललंय ते त्यांनी मुलांना सांगितलं. किडनी, हाड, औषध, शेक, सगळं. आधी जे शिकवलं ते अर्धं होतं, हेही सांगितलं. एका मुलीनं हात वर केला. "बाई, दुखते काय?"

"दुखते," बाई म्हणाल्या. "लय दुखते. चला, आता मले सांगा, हाडातल्या पेशी कमी झाल्या तर रक्तात काय वाढन?"

पुढच्या आठवड्यांत त्या झपाट्यानं उतरल्या. काळासावळा चेहरा राखेसारखा दिसायला लागला. स्टेशनावरचा पूल चढताना त्या मधेच कठडा धरून उभ्या राहायच्या आणि घड्याळात बघितल्याचं सोंग करायच्या. हिमोग्लोबिन आठच्या खाली आलं. बाईंच्या हट्टामुळे संप्रेरकाची तपासणीही पुन्हा झाली. एवढं रक्त कमी असताना ते संप्रेरक खूप वर असायला हवं होतं. या वेळी ते खाली आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी किडनीचे बाकीचे निकाल पुन्हा पाहिले आणि सांगितलं, या औषधानं असं होतं कधीकधी. किडनी रक्त गाळायचं काम अजून बऱ्यापैकी करतेय, पण हे काम मंदावलंय.

बाईंनी काहून विचारलं नाही. कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि मला म्हणाल्या, "चाल." घरी पोहोचल्यावर खाटेवर आडव्या झाल्या आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "ती गप झाली, मराठी." एवढंच. त्यांना घाबरलेलं मी तेव्हा पाहिलं. मरणाला त्या भ्यायल्या असतील, नसतील, मला माहीत नाही. पण आयुष्यभर ज्या किडनीबद्दल त्या मुलांना सांगत आल्या, ती गप्प बसली याचा त्यांनी धसका घेतला होता. मी त्यांच्या पायावर पांघरूण घातलं आणि चहा ठेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वसंताभाऊ आले. ते आमच्या शाळेचे शिपाई. त्यांच्या बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि तिचं वाशीमला डायलिसिस चालायचं. हातात स्टीलचा डबा होता, त्यात बर्फ, आणि बर्फात प्लास्टिकच्या पिशवीत एक इंजेक्शन.

"बाई, हे घ्या," ते म्हणाले. "माह्या घरचीले हे देल्लं का रक्त वाढते. तुमी पाह्यलं ना, आधी कशी पिवयी पडली होती. आता उठून सैपाक करते."

"हे तिचंच हाये काय?"

"तिनंच धाडलं. म्हने, या हप्त्यात माह्यं चालून जाईन. बाईले द्या."

बाई उठून बसल्या. ती लहानशी सिरिंज त्यांनी पिशवीतून काढून उजेडात धरली. आत पाण्यासारखं काहीतरी होतं, चमचाभरही नाही. किती वेळ त्या बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "याच्यात तेच हाये. किडनी जे बनवते तेच. मानसानं बनवलं, अन् इतकुशा नळीत भरलं." माझ्या मनात आलं, घ्यावं त्यांनी. समोर धडधडीत उपाय होता. जे कमी पडलंय तेच समोर होतं.

त्यांनी मला डॉक्टरीणबाईंना फोन लावायला सांगितला. मी स्पीकर चालू केला. बाईंनी सगळं सांगितलं आणि विचारलं, "घेऊ काय?"

"नाही, बाई. अजिबात घेऊ नका."

"काहून?"

तो शब्द ऐकून मला एकदम बरं वाटलं.

"तुमचा उपचार गाठ पूर्ण घालवण्यासाठी चालू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशा रुग्णांना हे इंजेक्शन देऊन पाहिलं गेलंय. रक्त वाढतं, पण काहींच्या बाबतीत गाठीवर उलटा परिणाम दिसला. रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वेगळीच. ज्यांच्या किडन्या बंद आहेत त्यांच्यासाठी ते चांगलं औषध आहे. तुम्हाला मी ते देणार नाही. पण रक्त वाढवावं लागेल हे खरं. रक्तात प्राणवायू कमी असला तर गाठीवर शेकाचा परिणामही कमी होतो. तुम्हाला रक्त चढवू. रक्तपेढीत साठा कमी आहे, देणारी माणसं मिळतील का बघा."

फोन ठेवल्यावर बाईंनी ते इंजेक्शन पुन्हा बर्फात ठेवलं आणि डब्याचं झाकण स्वतःच्या हातानं घट्ट लावलं.

"वसंताभाऊ, हे आत्ताच घेऊन जा. आजच तिले देऊन टाका. तिच्या किडनीनं काम सोडलं, तिले याचीच गरज हाये."

"अन् तुमाले?"

"मले हे चालत नाही. गाठ वाढू शकते."

"थोडंसं घेतलं तर?"

"थोडंसं बी नाही."

वसंताभाऊ डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. चांगला दणकट माणूस, पण तोंड वाकडं व्हायला लागलं होतं. "मंग आमी काय करावं, बाई? नुसतं पाहात राहावं?"

"रक्त द्या ना," बाई म्हणाल्या. "तुमाले तर काही झालं नाही."

वसंताभाऊ डबा घेऊन गेले. त्यानंतर त्यांनी काय केलं ते आम्हाला दोन दिवस कळलंच नाही. तिसऱ्या सकाळी मी बाईंना घेऊन स्टेशनावर आले, तर फलाट बायकांनी भरला होता. कुणी शेतातल्या कामाच्या लुगड्यात, कुणी ड्रेसवर ओढणी घेऊन, एक पोलिसाच्या वर्दीत. बाईंनी शिकवलेल्या मुली. किन्हीराजाच्या होत्या, मालेगावच्या होत्या, एक धनजला दिलेली पहाटेच्या एसटीनं निघून आली होती. ज्या हिवाळ्यात बाईंच्या घरी भाकरी थापायच्या, त्यातल्याही होत्या, आता त्यांच्या कडेवर पोरं होती. नवरे मागे घुटमळत उभे होते. वसंताभाऊ सगळ्यांना तिकिटं वाटत होते.

बाई बाकावर बसल्या. जवळ आलेल्या पहिल्या मुलीला त्यांनी खाली वाकायला लावलं आणि तिची पापणी ओढून बघितली. मग दुसरीची. त्यांची स्वतःची नखं पांढरीफटक पडली होती, आणि त्या फलाटावर एकेकीचे डोळे तपासत होत्या. कडेवर पोर असलेल्या एकीपाशी त्या थांबल्या.

"तू नाही."

"बाई, मी लय दुरून आली."

"तुह्यातच नाही, मले काय देते? पोराले पाजतेस ना अजून?"

ती रडायला लागली. बाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं. गाडी येईपर्यंत तिचं पोर बाईंच्या मांडीवर होतं.

रक्तपेढीतल्या माणसांनी परत सगळ्यांची तपासणी केली. काहींना त्यांनीही परत पाठवलं, काहींचं घेतलं. वसंताभाऊंनी दिलं, मी दिलं, मुख्याध्यापकांनीही दिलं. दिलेलं त्याच माणसाला चढतं असं नसतं, गट जुळावा लागतो. पण पेढीतून बाईंच्या गटाच्या पिशव्या मिळाल्या. त्या खाटेवर पडून वरच्या पिशवीतून थेंब थेंब उतरणारं ते गडद लाल रक्त बघत होत्या. "हे कोनाच्या हाडातलं हाये, कोन जाने," त्या म्हणाल्या. "तिच्या किडनीनं बोलावलं, तिच्या हाडानं बनवलं, अन् ते माह्या अंगात फिरन. अन् मले चालन. काही भांडन नाही." संध्याकाळपर्यंत त्यांच्या ओठांवर रंग आला.

शेक एकदाही चुकला नाही. मधे आणखी एकदा रक्त चढवावं लागलं. शेवटच्या केमोला किडनीचा निकाल बघून डॉक्टरीणबाईंनी औषध थांबवलं आणि बाकीचा उपचार गर्भाशयाच्या तोंडाशी आतून द्यायच्या शेकावर पूर्ण केला. बाई घरी आल्या, पण बऱ्या झाल्या असं म्हणावं असं काही दिसेना. पुढचे कितीतरी महिने त्या थकलेल्याच राहिल्या. जानेवारीत शाळेत परत आल्या, तेव्हा खुर्चीवर बसून शिकवायच्या आणि फळ्यावर लिहायला एखाद्या मुलीला उठवायच्या. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास अडकून बसलं होतं. कमी होत नव्हतं आणि वाढतही नव्हतं. दुपारच्या सुट्टीत त्या प्रयोगशाळेत डोकं टेबलावर टेकून झोपायच्या. एकदा मी त्यांना हलवून उठवलं, तर म्हणाल्या, "वाट पाहून राह्यली मी. दुसरं काही करता येत नाही याच्यात. तिले आपल्या मनानं उठू द्या लागते."

उन्हाळ्याच्या सुरुवातीला आम्ही तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी बाईंना आत घेतलं, मग मलाही बोलावलं. गाठ दिसत नाही, त्या म्हणाल्या. पुढची काही वर्षं तपासत राहायला लागेल, आज एवढंच सांगू शकते, पण आज गाठ दिसत नाही.

बाईंनी मान हलवली. त्यांची नजर दुसऱ्या कागदावर होती. "अन् हे?"

डॉक्टरीणबाईंनी तो कागद त्यांच्यापुढे सरकवला. हिमोग्लोबिन अकराच्या जवळ गेलं होतं, रक्त न चढवता. आणि खाली नव्या, नुकत्याच तयार झालेल्या लाल पेशींचा आकडा होता. तो चांगलाच वाढला होता.

"ते संप्रेरक पुन्हा मोजू काय?" बाईंनी विचारलं.

"मोजायची गरज नाही, बाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नव्या पेशी येतायत, म्हणजे किडनी आणि हाड, दोघंही कामाला लागलेत."

परतीच्या गाडीत बरीच गर्दी होती. आम्हाला खिडकीपाशी जेमतेम जागा मिळाली. बाई मला सगळं समजावून सांगतील, नव्या पेशी कशा ओळखतात, त्या जरा मोठ्या कशा असतात, असं मला वाटलं होतं. पण त्या ताठ बसल्या, दोन्ही हात मागे नेऊन पाठीवर, बरगड्यांच्या खाली टेकवले, आणि बाहेरच्या उन्हातल्या मोकळ्या शेतांकडे बघत राहिल्या. बार्शीटाकळी गेलं, तरी हात तिथंच होते.

समोर एक म्हातारी बसली होती, पायांशी गाठोडं. तिनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "पाठ दुखते काय, माय?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आतमधी काम चालू हाये. हात ठेवून पाहून राह्यली, बस."

म्हातारीला ते काय समजलं कोण जाणे. तिनं मान डोलावली, गाठोडं उचलून मांडीवर घेतलं, आणि बाईंना पाय पसरायला जागा करून दिली.